आत म्हणजे किती आत? मावळातल्या कारखान्यांमधल्या वायरलेसची गोष्ट

आजचा भाग लोणावळ्यात रेकॉर्ड केलाय, त्यामुळे ऐकणाऱ्यांना मागे पत्र्यावरचा पाऊस फुकटात मिळेल. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लेखी मजकूर. बोलताना घेतलेली दोन-चार वळणं इथं सरळ केली आहेत, बाकी सगळं तसंच.

विषय एका श्रोत्यानं दिलाय. तो तळेगाव एमआयडीसीत ट्रेनी आहे. त्याचा प्रश्न साधा होता. शेडच्या दारात उभं राहिलं की फोनला चार कांड्या रेंज, आत दहा पावलं गेलं की शून्य. पण त्याच शेडमध्ये बारकोड स्कॅनर चालतात, फोर्कलिफ्टवरची स्क्रीन चालते, माल वाहणाऱ्या ट्रॉल्या माणसाशिवाय फिरतात, आणि हे सगळं वायरशिवाय. मग तिथली हवा नेमकी कुणासाठी आहे?

त्यानं गमतीत विचारलं असेल. पण मला तो प्रश्न सोडवेना, कारण "हवा कुणाची" हा आपल्याकडे शंभर वर्षांचा जुना वाद आहे आणि त्यातला बराचसा आपल्या पुणे जिल्ह्यातच घडलाय.

सुरुवात मावळाच्या भूगोलापासून करू. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची. ट्रेकला गेलात की एका किल्ल्यावरून दुसरा बोट करून दाखवता ना? आज नेटवर्कवाले त्यालाच "लाइन ऑफ साइट" म्हणतात. दिसतं तिथं निरोप पोचतो. जाळ असो, तोफेचा बार असो की पाच गिगाहर्ट्झची लहर, मध्ये डोंगर आला की वांधा. मावळात डोंगर भरपूर, त्यामुळे इथं निरोप पोचवणं हे कायम कष्टाचं काम राहिलंय.

आता १९११ मध्ये या. लोणावळ्यात टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाची पायाभरणी झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवता इथं धरणं, घाटाखाली खोपोलीला वीजघर, आणि वीज जायची थेट मुंबईला, परळच्या केंद्रात, तिथून गिरण्यांना. १९१५ मध्ये हे सुरू झालं. पाणी पाचशे मीटरपेक्षा जास्त उंचीवरून पाइपांतून खाली पडतं आणि टर्बाइन फिरवतं. आपण याला "धरण" म्हणून मोकळे होतो, पण मला तो एक अवाढव्य कारखाना वाटतो, ज्याची एक इमारत घाटमाथ्यावर, दुसरी घाटाखाली आणि तिसरी मुंबईत. परळला गिरण्या सुटल्या की विजेची मागणी झपकन उतरणार. म्हणजे खोपोलीत टर्बाइन आवरायला हवं, आणि पाण्याचा हिशेब वर घाटमाथ्यापर्यंत कळायला हवा. तिन्ही ठिकाणच्या माणसांना एकमेकांशी बोलता आलं पाहिजे, नाहीतर सगळं यंत्र आंधळं.

त्या काळात याचं उत्तर एकच होतं, तार. घाटातून, जंगलातून, पावसातून तार ओढायची आणि पावसाळ्यात ती तुटली की जोडायला माणूस पाठवायचा. पुढे जगभरच्या वीज कंपन्यांनी एक हुशार युक्ती काढली. विजेच्या उच्च दाबाच्या तारांवरूनच उच्च वारंवारतेवर टेलिफोनचं बोलणं पाठवायचं. तार एकच, तिच्यावर वीजही आणि निरोपही. आज तुमच्या राऊटरवाल्या पोराला हे सांगितलं तर तो म्हणेल, अरे, हे तर आत्ताच निघालंय. नाही रे बाबा, विसाच्या दशकातलं आहे.

खरी वायरलेसची गोष्ट मात्र मावळाच्या सीमेपलीकडे, खडकी आणि दौंडला सुरू होते. हा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून जरा रेंगाळतो.

१९२७ मध्ये हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात "बीम" वायरलेस सेवा सुरू झाली. मार्कोनी कंपनीची पद्धत, शॉर्टवेव्हची. आधीच्या वायरलेसमध्ये लहरी चहूकडे उधळायच्या, इथं त्या एका दिशेला, इंग्लंडकडे तोंड करून सोडायच्या. टॉर्चचा झोत आणि उघडा दिवा यांतला फरक समजा. या सेवेची पाठवणारी यंत्रणा होती खडकीला आणि ऐकणारी यंत्रणा दौंडला. दोन्हींत अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास.

एवढ्या लांब का? एकाच आवारात दोन खोल्या बांधून भागलं नसतं का? नसतं. गणपतीत ढोल-ताशा पथकाच्या मधोमध उभे आहात आणि लक्ष्मी रोडच्या दुसऱ्या टोकाहून कुणीतरी तुमच्या कानात कुजबुजावं, तसं झालं असतं ते. खडकीहून निघणारा सिग्नल प्रचंड, इंग्लंडहून सहा-सात हजार किलोमीटर कापून आलेला सिग्नल केविलवाणा. दोन्ही शेजारी ठेवले की मोठा छोट्याला गिळणार. म्हणून बोलायची जागा एक, ऐकायची जागा दुसरी.

हे मी लांबण लावून सांगतोय, कारण तुमच्या शेडच्या छताला टांगलेल्या पांढऱ्या डबीलाही नेमका हाच त्रास आहे. वाय-फायचा अ‍ॅक्सेस पॉइंट एकाच चॅनेलवर एकाच वेळी बोलू आणि ऐकू शकत नाही. तो आळीपाळीनं करतो. खडकी-दौंडवाल्यांनी जागा वाटून घेतली, वाय-फायनं वेळ वाटून घेतला.

ही बीम सेवा एवढी स्वस्त पडली की समुद्राखालून केबल टाकून बसलेल्या कंपन्यांचं धाबं दणाणलं. शेवटी साम्राज्यातल्या केबल आणि वायरलेस कंपन्यांची मोट बांधावी लागली. आपल्याकडे १९३२ मध्ये दोन्ही धंदे एका कंपनीत आले, १९४७ मध्ये ती सरकारी ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस झाली, १९८६ मध्ये विदेश संचार निगम, म्हणजे व्हीएसएनएल. आणि २००२ मध्ये व्हीएसएनएलची सूत्रं गेली टाटांकडे. लोणावळ्याचं पाणी आणि खडकीची हवा, दोन्ही फिरून एकाच घरात. इतिहासात असे योगायोग सापडले की मी चहा सांडतो.

पण हवा म्हणजे सरकारची, हे तोवर पक्कं झालेलं होतं. १८८५ चा तार कायदा होताच. त्यावर १९३३ मध्ये इंडियन वायरलेस टेलिग्राफी अ‍ॅक्ट आला. परवान्याशिवाय वायरलेस यंत्र नुसतं जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत रेडिओच्या परवान्याचं पुस्तक होतं, पोस्टाचे शिक्के मारलेलं. गाणी ऐकायला परवाना! ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत हे चालू होतं, तुमच्यातल्या अनेकांच्या आई-बाबांनी ती पुस्तकं पाहिली असतील.

हा कायदा कुणाची भीती वाटून केलाय ते १९४२ मध्ये दिसलं. "चले जाव" सुरू झालं, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधल्या गेल्या. तेव्हा मुंबईत उषा मेहता नावाच्या बावीस वर्षांच्या मुलीनं आणि तिच्या सोबत्यांनी गुप्त रेडिओ चालवला, काँग्रेस रेडिओ. राममनोहर लोहिया त्यात होते. ट्रान्समीटर एका जागी ठेवायचा नाही, घरं बदलत राहायचं, कारण पोलिसांच्या गाड्या सिग्नलचा माग काढत फिरत होत्या. तो माग कसा काढतात? एका ठिकाणाहून सिग्नल कुठल्या दिशेनं येतो ते बघायचं, मग दुसऱ्या ठिकाणाहून बघायचं, नकाशावर दोन रेषा ओढायच्या. जिथं कापतील तिथं माणूस. नोव्हेंबर १९४२ मध्ये ते पकडले गेले. आतल्याच एका तंत्रज्ञानं फितुरी केली असं सांगितलं जातं. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्या येरवड्यात होत्या, १९४६ मध्ये सुटल्या.

त्या दोन रेषांची युक्ती लक्षात ठेवा. ती तळेगावला परत येणार आहे.

आता थोडं लांब, हवाईला जाऊ. १९७१. हवाई विद्यापीठाच्या इमारती वेगवेगळ्या बेटांवर, आणि संगणक एका बेटावर. नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या रेडिओनं जोडल्या. नाव ठेवलं अलोहानेट. अनेक इमारती, एक हवा, सगळ्यांना बोलायचंय, हा प्रश्न इतक्या स्वच्छपणे पहिल्यांदा तिथं मांडला गेला.

त्यांची रीत अशी. ज्याला बोलायचंय त्यानं बोलून टाकायचं. पोचलं तर समोरून पोच येईल. नाही आली, तर समजायचं की दोघं एकदम बोलले आणि बोलणं एकमेकांत सांडलं. मग थोडा वेळ थांबायचं, प्रत्येकानं आपापल्या मनानं वेगवेगळा, आणि पुन्हा बोलायचं. गावच्या ग्रामसभेसारखं. गंमत म्हणजे याचं गणित मांडलं तर कळतं की अशा रीतीनं हवेतला जास्तीत जास्त १८ टक्के वेळच कामी येतो, बाकी सगळा गोंगाट नाहीतर शांतता. सगळ्यांनी ठरावीक ठोक्यावरच बोलायला सुरुवात करायची असं बंधन घातलं की तो आकडा दुप्पट होतो, ३६-३७ टक्के. आपल्या ग्रामसभांचा हिशेब कुणी मांडला नाही ते बरं.

वाय-फाय यापेक्षा एक पाऊल शहाणं आहे. ते बोलण्याआधी ऐकतं, कुणी बोलत असेल तर थांबतं. पण कारखान्यात इथंच घोळ होतो. समजा लोखंडी रॅकची उंच भिंत आहे, अल्याड एक फोर्कलिफ्ट, पल्याड दुसरी. दोघींना छतावरचा अ‍ॅक्सेस पॉइंट दिसतो, पण एकमेकी दिसत नाहीत. दोघी ऐकतात, शांतता वाटते, दोघी एकदम बोलतात. अ‍ॅक्सेस पॉइंटच्या कानात नुसता गोंधळ. ऑफिसात कधी न जाणवणारा हा आजार गोदामात रोजचा आहे.

वाय-फायचा जन्मही कुठल्या स्टार्टअपच्या कॅफेत झालेला नाही बरं का. १९८५ मध्ये अमेरिकेत काही लहरपट्ट्या परवान्याशिवाय वापरायला मोकळ्या केल्या गेल्या. त्यातली २.४ गिगाहर्ट्झची पट्टी मायक्रोवेव्ह ओव्हनची, म्हणून कुणाला नको असलेली. नेदरलँड्समध्ये एनसीआर नावाची कंपनी दुकानांच्या कॅश काउंटरची यंत्रं बनवायची. दुकानदार दर सणाला काउंटर हलवणार आणि दर वेळी फरशी फोडून नवी वायर, हा खर्च वाचवायला त्यांनी वायरलेस जोडणी काढली. त्यातूनच पुढे १९९७ चं ८०२.११ हे मानक आलं. विक हेस नावाचे त्यांचेच एक गृहस्थ त्या समितीचे अध्यक्ष होते. म्हणजे वाय-फायचं मूळ गाऱ्हाणं आहे "सारखी वायर कोण बदलणार?" कारखान्याचं गाऱ्हाणंही अगदी तेच. मॉडेल बदललं की लाइन बदलते, लाइन बदलली की मशीन सरकतं.

पण आपल्याकडे हवा अजून सरकारची होती. ती कधी सुटली? २८ जानेवारी २००५. त्या दिवशीच्या अधिसूचनांनी २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ ही पट्टी परवान्याशिवाय वापरायला मिळाली. अटी घालून. ट्रान्समीटर एक वॅटपर्यंत, अँटेनातून एका दिशेला निघणारी ताकद धरून चार वॅटपर्यंत, आणि अँटेना इमारतीच्या छतापासून पाच मीटरपेक्षा उंच नको.

त्याच वेळी पाच गिगाहर्ट्झच्या काही पट्ट्याही मोकळ्या झाल्या, पण फक्त "इनडोअर" वापरासाठी, तेही २०० मिलीवॅटच्या मर्यादेत. आणि इथं नियम लिहिणाऱ्या कुणा अनामिक बाबूनं एक वाक्य घातलं, ज्यावर मी फिदा आहे. इनडोअर म्हणजे काय? तर एखाद्या व्यक्तीचं किंवा मान्यताप्राप्त संस्थेचं एकसलग आवार हेसुद्धा इनडोअर. म्हणजे तुमच्या कारखान्याच्या कंपाउंडच्या आत दहा शेड असोत, मध्ये रस्ते असोत, आंब्याची झाडं असोत, वर उघडं आभाळ असो, कायद्याच्या लेखी ते सगळं "घरात".

आता हे तळेगावच्या जमिनीवर आणून बघा. समजा एका कंपनीनं आधी एक प्लॉट घेतला, धंदा वाढला, शेजारी जागा नव्हती, म्हणून रस्त्यापलीकडचा प्लॉट घेतला. मध्ये एमआयडीसीचा सार्वजनिक रस्ता. पेंट शॉप इकडे, असेंब्ली तिकडे. अंतर फार तर चाळीस मीटर. पण आवार आता एकसलग नाही. एका शेडकडून दुसऱ्याकडे पाच गिगाहर्ट्झ सोडलं की ते घराबाहेर पडलं. त्याच ताकदीनं, त्याच अंतरावर, कंपाउंडच्या आत सोडलं तर चालतं. लहरींना कंपाउंड कळत नाही, नियमाला कळतं. मग रस्ता खोदायची परवानगी काढून केबल टाका, नाहीतर गर्दीच्या २.४ मध्ये जागा शोधा, जिथं एकमेकांत न मिसळणारी चॅनेल जेमतेम तीन, एक, सहा आणि अकरा. ही अडचण थेट ऑक्टोबर २०१८ पर्यंत राहिली. तेव्हा पाच गिगाहर्ट्झमधला एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा घरात आणि बाहेर दोन्हीकडे मोकळा झाला. त्यातल्या काही चॅनेलवर रडारचा मान पहिला, रडार ऐकू आलं की वाय-फायनं गुमान जागा सोडायची, ही जगभरची शिस्त.

कायद्याचं झालं. आता निसर्गाचं, कारण तिथं कुठलीही अधिसूचना निघत नाही.

औद्योगिक नेटवर्क आखणाऱ्या एका मैत्रिणीबरोबर मी दोन दिवस फिरलो. नाव-गाव सांगणार नाही, तिच्या ग्राहकांना आवडणार नाही. तिची पहिली अट, शेड रिकामी असताना मोजमाप घ्यायचं नाही. नव्या शेडमध्ये माल यायच्या आधी सगळं झकास दिसतं, एका टोकाची डबी दुसऱ्या टोकाला ऐकू येते. मग रॅक उभे राहतात, रॅकवर लोखंडी सुटे भाग किंवा पाण्याचे, तेलाचे डबे चढतात. लोखंड लहर परतवतं, पाणी शोषून घेतं. त्याच जागी सिग्नल मरतो. म्हणून ती गोदाम भरलेलं असताना, दुपारच्या पाळीत, फोर्कलिफ्टच्या स्क्रीनच्या उंचीवर यंत्र धरून चालते. आपल्या छातीच्या उंचीवर धरून उपयोग नाही, कारण ऐकणारं यंत्र तिथं नसतं. छत दहा-बारा मीटर उंच असेल तर साधी डबी वर टांगून भागत नाही, खाली झोत टाकणारा अँटेना लागतो. आणि जास्त डब्या लावल्या म्हणजे जास्त रेंज, हा समज तर तिला सगळ्यात छळतो. डब्या वाढल्या की एकमेकींच्या बोलण्यात त्याच तोंड घालतात. पुन्हा खडकी-दौंड.

दोन शेडना हवेतून जोडायचं तर आणखी एक मजा आहे. आपल्याला वाटतं, अँटेनाला अँटेना दिसला म्हणजे झालं. पण लहर दोरीसारखी जात नाही, मृदंगासारखी जाते. दोन्ही टोकांना निमुळती, मधोमध फुगलेली. दोन शेडमध्ये २०० मीटर अंतर असेल आणि २.४ गिगाहर्ट्झ वापरत असाल, तर मधोमध या मृदंगाची त्रिज्या अडीच मीटर भरते. पाच-साडेपाच गिगाहर्ट्झला दीड मीटरच्या जरा वर. ही जागा बऱ्यापैकी मोकळी हवी. चार मीटर उंचीचा कंटेनर ट्रक मध्ये उभा राहिला आणि तुमची रेषा सहा मीटरवरून जात असेल, तर डोळ्यांना सगळं मोकळं दिसतं आणि तरी मृदंगाचं पोट कंटेनरला घासतं. मग सकाळी नेटवर्क चांगलं, संध्याकाळी डिस्पॅचच्या वेळी वाईट. लोक राऊटर बदलतात. बदलायचं असतं पार्किंग.

मावळाचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे पाऊस. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पडतो आणि पंचवीस-तीस किलोमीटरवर तळेगावला येईपर्यंत निम्म्याहूनही कमी होतो. पण वाय-फायच्या लहरींना पडत्या पावसाचा फारसा त्रास होत नाही. त्रास होतो तो पावसानं वाढलेल्या ओल्या पानांचा. मे महिन्यात लावलेली जोडणी ऑगस्टमध्ये का रुसते, तर मधल्या झाडाला फुटवा आलाय आणि पान न् पान पाण्यानं भरलंय.

खरी भीती वळवाची. एप्रिल-मेमध्ये दुपारी आभाळ भरून येतं आणि कडाड्. दोन शेडमध्ये तांब्याची नेटवर्क केबल ओढलेली असेल, तर जवळ कुठं वीज पडली की दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये क्षणभर प्रचंड फरक पडतो आणि तो त्या केबलमधून धावतो. दोन्ही टोकांची यंत्रं खलास. शिवाय तांब्याच्या केबलला १०० मीटरची मर्यादा आहेच. म्हणून इमारतींमध्ये काच, म्हणजे ऑप्टिकल फायबर. काचेतून वीज धावत नाही. तळेगावला काच नवी नाही म्हणा. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभा राहिलेला पैसा फंडाचा काच कारखाना तिथं १९०८ पासूनचा. तेव्हा त्या भट्टीत कंदिलांच्या चिमण्या व्हायच्या, केसाएवढ्या काचेच्या तंतूतून बोलणं धावेल असं कुणाला वाटलं असणार?

म्हणजे गंमत बघा, चांगल्या वायरलेसचा कणा वायरच असतो. पुणे जिल्ह्यातच, नारायणगावजवळ खोडदला, याचं सगळ्यात देखणं उदाहरण आहे. जीएमआरटी दुर्बीण. गोविंद स्वरूप यांची कल्पना. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या, आणि सगळ्या फायबरनं जोडलेल्या. आभाळातली क्षीण रेडिओ कुजबुज ऐकायची असल्यामुळे त्यांना आजूबाजूची हवा शांत लागते. आपल्याला हवेत बोलायचंय, त्यांना हवेत ऐकायचंय. खडकीनंतरचं दौंड म्हणा.

आता चाकण. तळेगावहून तासाभराचा रस्ता, ट्रॅफिक लागलं तर किती ते विचारू नका. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं कारखान्यांना स्वतःपुरतं खासगी ५जी नेटवर्क उभारायची वाट मोकळी केली, आणि त्याच वर्षी एअरटेल आणि टेक महिंद्रानं महिंद्राच्या चाकणच्या प्रकल्पात ५जी बसवल्याचं जाहीर केलं. देशातला पहिला ५जी-सज्ज वाहन कारखाना, असा त्यांचा दावा. उपयोग काय सांगितला? एक म्हणजे गाड्यांत सॉफ्टवेअर भरणं. आजच्या गाडीत सॉफ्टवेअर भरल्याशिवाय ती गेटाबाहेर पडत नाही, आणि एकावेळी अनेक गाड्यांत भरायचं तर वाय-फाय दमतं. दुसरं, कॅमेऱ्यानं रंगाची तपासणी. ५जीमध्ये कुणी कधी बोलायचं हे मधला टॉवर ठरवतो, ग्रामसभा नसते, कडक अध्यक्ष असतो. म्हणून धावत्या यंत्रांना ते मानवतं.

आणि आता आपल्या ट्रेनी मित्राचा प्रश्न. अनेक कारखान्यांत त्याच्यासारख्यांचा फोन गेटवर जमा होतो किंवा लॉकरमध्ये जातो. कारणं खरी आहेत, सुरक्षा आहे, नव्या मॉडेलचे फोटो फुटतात. शेडचा पत्रा बाहेरचा टॉवर आत येऊ देत नाही, आतलं नेटवर्क पासवर्डनं यंत्रांसाठी राखलेलं. म्हणजे ट्रॉलीला रेंज, माणसाला नाही. पण याचा अर्थ नेटवर्कला माणूस दिसत नाही असा अजिबात नाही. त्याच्या हातातला स्कॅनर, कमरेचा टॅग, बॅज, जे काही लहरी सोडतं ते छतावरच्या तीन डब्यांना ऐकू येतं. कुणाला किती जोरात ऐकू आलं यावरून तो कुठं उभा आहे ते काढता येतं. १९४२ च्या पोलिसांच्या गाडीचीच युक्ती, फक्त गाडी आता छताला टांगलेली आहे आणि चोवीस तास चालू आहे. फोर्कलिफ्ट माणसावर चढू नये म्हणून हे वापरलं तर त्याच्याइतकं चांगलं काही नाही. कोण किती वेळ संडासात होता हे मोजायला वापरलं तर ती वेगळी गोष्ट. यंत्र तेच, माहिती तीच. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी मालकाला वेगळी संमती न घेता माहिती वापरायची मोकळीक आहे, तेव्हा ती रेषा कुठं ओढायची हे बरंचसं कंपनीच्याच हातात राहतं. मला स्वतःला हे पटत नाही. निदान कामगारांना सांगितलं तरी पाहिजे की टॅग काय ऐकतो आणि किती दिवस लक्षात ठेवतो.

त्या मैत्रिणीनं मला एका आवाराचा रंगीत नकाशा दाखवला. हिरवं म्हणजे उत्तम रेंज, पिवळं बरी, लाल म्हणजे नाही. असेंब्ली, गोदाम, डिस्पॅच, सगळं हिरवंगार. लाल कुठं होतं? पंप हाऊस, भंगाराचं यार्ड, ट्रान्सफॉर्मरच्या मागची बोळ, कंत्राटी कामगारांची कपडे बदलायची खोली. तिथं माल नाही, म्हणून स्कॅनर नाही, म्हणून बजेट नाही. पण रात्रपाळीला पंप हाऊसमध्ये बहुतेक वेळा माणूस एकटा असतो. शॉक लागला, पाय घसरला, तर हाक मारायची कशी? ती प्रत्येक प्रस्तावात पंप हाऊससाठी एक डबी आणि भिंतीवरचा एक फोन घालते आणि बहुतेक वेळा पहिल्याच बैठकीत ती ओळ कापली जाते. आता ती त्या ओळीचं शीर्षक बदलते, "वॉटर लेव्हल सेन्सरसाठी कनेक्टिव्हिटी" असं लिहिते. मग मंजूर होतं.

मित्रा, तुझ्या शेडपुरतं सांगायचं तर ४४६ मेगाहर्ट्झच्या कमी ताकदीच्या वॉकी-टॉकीला २०१८ पासून परवाना लागत नाही. तुमच्या सेफ्टी कमिटीच्या पुढच्या बैठकीत तो नकाशा बघायला माग आणि लाल भागात रात्री कोण असतं ते विचार. उत्तर काय मिळालं ते मला कळव, पुढच्या भागाच्या सुरुवातीला वाचून दाखवीन. पुढचा भाग आर्वीचा, १९७१ च्या उपग्रह केंद्राचा. तोवर भेटू.